पेस्टिंगचा माळा: धारावीतल्या दोन भावांचे एक प्रकरण

थोरल्या भावाला एएमएल, म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमिया असल्याचे निदान मार्चमध्ये झाले आणि एप्रिलमध्ये धाकटा आमच्या व्यावसायिक आरोग्याच्या ओपीडीत आला. हातात फाइल थोरल्याची, प्रश्न स्वतःचा. "मॅडम, ब्लड कॅन्सरची टेस्ट लिहून द्या. आणि काय खाल्लं म्हणजे होणार नाही, तेवढं सांगा."

वय ३६. धारावीत काळ्या किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत लेडीज पर्स आणि पट्टे बनवणारा छोटा कारखाना आहे. दोघे भाऊ तिथेच, पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर. थोरला ४४ वर्षांचा, पेस्टिंगचा, म्हणजे तुकडे चिकटवण्याचा कारागीर. अठराव्या वर्षापासून त्याच्या हातात ब्रश आणि सोल्यूशन, म्हणजे द्रावकातला चिकट डिंक. धाकटा एरवी कटिंगला बसतो, सीझनला पेस्टिंगही करतो. घरी बायको, सात वर्षांची मुलगी, आणि बायकोला चौथा महिना. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

आमच्याकडे येण्याआधी त्याचे बरेच काही करून झाले होते. एका लॅबचे 'फुल बॉडी' पॅकेज घेतले होते आणि त्यात कॅन्सर मार्कर नावाच्या चार चाचण्या होत्या. चारही नॉर्मल, आणि चारही ल्युकेमियासाठी निरुपयोगी. कुणीतरी पूर्ण शरीराचा पेट-सीटी काढायला सांगितले होते, त्यासाठी तो पतपेढीतून कर्ज काढायच्या बेतात होता. घरात ब्रॉयलर कोंबडी बंद, गुळवेलीचा काढा सुरू, मोबाइल रात्री खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. आणि या सगळ्याच्या खाली एक भीती होती, ती त्याने सर्वांत शेवटी सांगितली. थोरल्याला पुढे बोनमॅरो प्रत्यारोपण लागू शकते, तर दाता म्हणून ह्याची तपासणी व्हायची होती. "दादाला माझं मॅरो दिलं तर मला पण होईल का?"

या भीतीचे उत्तर आधी दिले, कारण थोरल्याचा जीव त्यावर अवलंबून होता. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळवायची पेशींवरची ओळखचिन्हे, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जुळले तर रक्तातून मूळपेशी गोळा केल्या जातात, त्यासाठी काही दिवस इंजेक्शने असतात, हाडे दुखतात, मग थांबतात. दात्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झालेला आहे आणि त्यात दान केल्यामुळे ल्युकेमिया वाढल्याचे दिसलेले नाही. हा आजार संसर्गजन्यही नाही. शेजारी बसून, ताट-वाटी वापरून तो लागत नाही. हे त्याला ठाऊक होते, पण शेजाऱ्यांना नव्हते, आणि चाळीत शेजाऱ्यांचे मत काही कमी महत्त्वाचे नसते.

फाइलमध्ये नसलेली गोष्ट

थोरल्याची फाइल जाड होती. बोनमॅरो, फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्रांचा अहवाल, सगळे व्यवस्थित. व्यवसायाच्या रकान्यात मात्र दोन शब्द: 'प्रायव्हेट सर्व्हिस'. सव्वीस वर्षे सोल्यूशनच्या वाफेत काम केलेल्या माणसाची ही नोंद. उपचार करणाऱ्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. समोर रुग्ण तापाने फणफणलेला, प्लेटलेट्स तळाला गेलेल्या, तेव्हा कोण विचारणार की बाबा, तुझ्या डब्यात काय असतं? पण धाकट्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न हाच होता.

गुणसूत्रांच्या अहवालात सातव्या गुणसूत्राची एक प्रत गायब होती. पाचव्या आणि सातव्या गुणसूत्रांचे असे बिघाड पूर्वी केमोथेरपी घेतलेल्यांत किंवा बेंझीनशी (सोल्यूशन-थिनरमध्ये असू शकणाऱ्या द्रावकाशी) दीर्घ संपर्क आलेल्यांत जास्त दिसतात. ते इतरांतही दिसतात. त्यामुळे थोरल्याचा आजार सोल्यूशनमुळेच झाला असे एका रुग्णाबाबत छातीठोक म्हणता येत नाही आणि मी ते म्हटले नाही. बहुतेक तीव्र ल्युकेमियांमागे बोट दाखवता येईल असे कारण सापडतच नाही. पेशीविभाजनात आपोआप होणारे दोष, वाढते वय, नशीब. म्हणूनच 'ल्युकेमिया टाळण्याचे दहा उपाय' छापाचे मजकूर वाचले की मला चीड येते. टाळता येईल असा भाग लहान आहे. पण तो आहे, आणि या कुटुंबात तो एकाच माळ्यावर गोळा झाला होता.

बेंझीनचा इतिहास चपला-पर्सवाल्यांना कुणी सांगत नाही, तो या प्रकरणात मी सविस्तर सांगितला. इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सोय नावाच्या रक्तविकारतज्ज्ञांनी चपला बनवणाऱ्या कारागिरांचा मागोवा घेतला. साधारण २८,५०० कारागिरांत १९६७ ते १९७३ या काळात तीव्र ल्युकेमियाचे किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे २६ रुग्ण सापडले. हा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखाने छोटे, बंद, खिडक्या नावापुरत्या. हवेत बेंझीनचे प्रमाण कधी कधी २१० ते ६५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भाग हवेत इतके भाग) जाई. त्याच दशकात अमेरिकेत ओहायोतल्या रबर फिल्म बनवणाऱ्या कारखान्यांतही हेच दिसले. तिथल्या सरकारने १९७८ मध्ये मर्यादा १० वरून १ पीपीएमवर आणायचे ठरवले, उद्योग कोर्टात गेला, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि १ पीपीएम शेवटी १९८७ मध्ये लागू झाले. पुढे चीनमध्ये १२ शहरांतल्या सुमारे ७५ हजार कामगारांचा अभ्यास झाला. २००४ मध्ये तियांजिनच्या चपला कारखान्यांतल्या २५० कामगारांवरचा शोधनिबंध आला, त्यात १ पीपीएमपेक्षा कमी बेंझीन असतानाही पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या.

धाकट्याने इस्तंबूलचा आकडा नीट ऐकला. लाखात तेरा दरवर्षी. अक्सोय यांनी तुलनेला घेतलेला सर्वसाधारण आकडा लाखात सहा. "म्हणजे लाखात तेराच ना, मॅडम?" प्रश्न हुशारीचा होता. मी कागदावर गुणाकार केला. तेरा गुणिले वीस वर्षांची नोकरी म्हणजे लाखात २६०, साधारण चारशेत एक. सहाच्या हिशेबाने आठशेत एक. दुप्पट धोका ऐकायला भयंकर वाटतो, पण दुप्पट होऊनही चारशेतल्या ३९९ जणांना हा आजार होत नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि रुग्णाला दोन्ही सांगावी लागतात. पहिले सांगितले नाही तर तो काही बदलत नाही, दुसरे सांगितले नाही तर तो पेट-सीटीसाठी कर्ज काढतो.

बेंझीन मुळात करते काय? श्वासातून आत गेलेल्या वाफेचा साधारण निम्मा भाग शरीरात राहतो. यकृत त्याचे फिनॉल, हायड्रोक्विनोन असे पदार्थ बनवते, ते मॅरोपर्यंत पोचतात आणि तिथल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) आणखी आक्रमक होतात. मग रक्ताच्या मूळपेशींची गुणसूत्रे तुटतात, चुकीची जोडली जातात. यकृतातले जे विकर हे काम सुरू करते ते दारूने वाढते. दोघे भाऊ पगाराच्या रात्री पिणारे, त्यामुळे हेही बोलणे झाले.

सर्वांत उपयोगी ठरली ती वेगळीच माहिती. ओहायोच्या कामगारांच्या नोंदींचे पुन्हा विश्लेषण झाले तेव्हा दिसले की धोका मुख्यतः अलीकडच्या संपर्काशी बांधलेला असतो, साधारण मागच्या दहा वर्षांच्या. संपर्क थांबल्यावर तो उतरत जातो. इस्तंबूलमध्येही बेंझीनऐवजी दुसरी द्रावके आली तसतसे रुग्ण कमी होत गेले. 'आता व्हायचं ते होऊन गेलं' असे मनाशी धरून आलेल्या माणसाला हे ऐकणे गरजेचे होते.

माळा

जूनच्या अखेरीस आम्ही कारखाना पाहिला. खाली शिलाईच्या मशीन, लोखंडी शिडीने वर पोटमाळा, तिथे पेस्टिंग. कारागीर मांडी घालून बसतात, समोर बसकी फळी, बाजूला सोल्यूशनचा उघडा डबा, त्यात ब्रश उभा. छताजवळ एक एक्झॉस्ट पंखा, तो बंद. पाऊस आत येतो म्हणून खिडकीला प्लास्टिक ठोकलेले.

मुंबईच्या पावसाळ्यात या कामाचे गणितच बदलते. दमट हवेत सोल्यूशन लवकर ओढत नाही, चामडे पकडत नाही. मग थिनर जास्त घालतात, दोन तुकडे पिवळ्या बल्बखाली ठेवतात, आणि पंख्याची हवा लागून साय धरू नये म्हणून पंखाही बंद करतात. म्हणजे जेव्हा वाफ सर्वाधिक, नेमकी तेव्हा हवा सर्वांत कमी. लागोपाठ गणपती आणि दिवाळीच्या ऑर्डरी. त्या दिवसांत कारागीर वरच झोपतात. थोरला अशी कित्येक वर्षे झोपला होता. पीपीएमच्या मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी असतात. चोवीस तास त्याच हवेत राहणाऱ्याचा हिशेब त्यांत बसत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे बसल्याशिवाय लक्षात येत नाही. बेंझीनची वाफ हवेपेक्षा जड असते, सुमारे पावणेतीन पट. ती खाली साचते. माणसे जमिनीवर बसलेली, रात्री जमिनीवरच निजलेली, आणि पंखा छताला. दारात उभे राहून शेठ म्हणाले, "वास तरी येतो का तुम्हाला? काही नाही इथे." वासावर भरवसा ठेवता येत नाही. बेंझीनचा वास नाकाला कळेपर्यंत बऱ्याचदा १ पीपीएम ओलांडलेले असते, आणि रोज त्यात बसणाऱ्याचे नाक तर केव्हाच सरावलेले असते.

डब्यावर लेबल नव्हते. ड्रममधून पाच लिटरच्या कॅनमध्ये, कॅनमधून डब्यात, अशा प्रवासात लेबल राहतेच कुठे? दोन नमुने तपासायला दिले. जुन्या पुरवठादाराच्या थिनरमध्ये बेंझीन ठळक निघाले, नव्याच्या मालात नाममात्र, बाकी बहुतेक टोल्युइन आणि हेक्झेन ही दुसरी द्रावके. येथे एक सावधगिरीची सूचना आहे, कारण बरेच सल्लागार 'बेंझीनमुक्त' शब्दावर समाधान मानतात. टोल्युइन ल्युकेमिया करते असे मानले जात नाही, पण स्वस्त टोल्युइनमध्ये बेंझीनची भेसळ राहू शकते आणि ते स्वतः मेंदूला त्रास देते. हेक्झेनने रक्ताला काही होत नाही, पण हातापायांच्या नसा जातात. जपानमध्ये १९६० च्या दशकात सँडल बनवणाऱ्या कामगारांत हे मोठ्या प्रमाणावर घडले. म्हणून नुसते द्रावक बदलून भागत नाही, हवा बदलावीच लागते.

आणि पेट्रोल. संध्याकाळी हाताला चिकटलेले सोल्यूशन काढायला सगळे बाटलीतले पेट्रोल चोळत होते. बीएस-सहा पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालते. ते कातडीतून थोडे आत जाते आणि हात चोळताना नाकातून भरपूर. हा बदल त्याच दिवशी झाला: आधी खोबरेल तेल, मग साबण. खर्च जवळजवळ शून्य.

मास्कचा विषय शेठनेच काढला. कोविडमधले एन-९५ पडून होते, ते वाटायची त्यांची तयारी होती. एन-९५ धुळीचे कण अडवतो, वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफेसाठी कोळशाच्या काडतुसाचा रबरी मास्क लागतो, काडतुसे वेळच्या वेळी बदलावी लागतात, आणि जुलैच्या उकाड्यात तो लावून आठ तास बसणारा कारागीर मी पाहिलेला नाही. मास्कवर मी वेळ घालवला नाही.

शेठला पटवणे हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग होता आणि तिथे कॅन्सर कामी आला नाही. ल्युकेमियाचे नाव काढले की ते म्हणत, आमच्या वडिलांनी साठ वर्षं हेच केलं. पुनर्विकासाचेही कारण होते: "उद्या हे सगळं पाडणार, आज खर्च कशाला?" शेवटी मी आगीबद्दल बोलले. बंद माळा, उघडा डबा, पिवळा बल्ब, आणि शिडीच्या तोंडाशी सिगरेट ओढणारे कारागीर. धारावीत आगी लागतात, हे त्यांना आकडे देऊन सांगावे लागले नाही. दुसऱ्या आठवड्यात एक्झॉस्ट पंखा छताजवळून खाली, फळीच्या उंचीला आला आणि कारागिराच्या पाठीकडून हवा आत येऊन समोरून बाहेर जाईल असा बसला. डब्यांना झाकणे आली, ब्रश जाईल एवढेच भोक ठेवलेली. वर झोपणे बंद झाले. आजाराच्या भीतीने न झालेली कामे आगीच्या भीतीने झाली. माझी त्याला मुळीच हरकत नाही.

पाण्यावर आधारलेला डिंक अस्तराच्या कामाला वापरून पाहिला. उन्हाळ्यात छान चालतो, पावसात वाळायला इतका वेळ घेतो की पीसवर काम करणाऱ्याची दिवसाची मजुरी पडते. तेव्हा तडजोड अशी ठरली: अस्तर आणि कागदी पुठ्ठ्याला पाण्याचा डिंक, चामड्याच्या जोडाला सोल्यूशन, आणि थिनर फक्त नव्या पुरवठादाराचा, सील असलेल्या कॅनमधला.

माळ्याबाहेर

धाकटा दिवसाला एक पाकीट सिगरेट ओढत होता. सिगरेटच्या धुरात बेंझीन असते. ओढणाऱ्याच्या शरीरात न ओढणाऱ्याच्या सुमारे दहापट बेंझीन जाते. ओढणाऱ्यांत एएमएलचा धोका ढोबळमानाने ४० टक्क्यांनी जास्त आढळतो, सोडल्यावर तो हळूहळू उतरतो. फुप्फुसाच्या कॅन्सरपुढे हा आकडा किरकोळ आहे, म्हणून पाकिटावर ल्युकेमियाचा फोटो कधी दिसणार नाही. पण ज्याला ल्युकेमियाची भीती वाटते त्याने माळ्यावर पंखा बसवून खाली उतरून सिगरेट पेटवावी, याला अर्थ नाही. निकोटिनच्या च्युइंगगमवर त्याने सुरुवात केली, दिवाळीच्या गर्दीत पुन्हा दोन-तीनवर आला, आता पुन्हा बंद आहे.

पेट-सीटीचा बेत रद्द झाला. त्या स्कॅनमध्ये आयनीकारक किरणोत्सर्ग असतो, आणि तो ल्युकेमियाचे सिद्ध कारण आहे. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांमध्ये बॉम्बनंतर काही वर्षांतच ल्युकेमिया वाढला, इतर कॅन्सर बरेच उशिरा. लहानपणी सीटी स्कॅन झालेल्यांच्या ब्रिटिश अभ्यासात, २०१२ साली, मॅरोला मिळालेली किरणांची एकूण मात्रा ५० मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे त्या मात्रेचे माप) आसपास गेल्यास ल्युकेमियाचा धोका सुमारे तिप्पट दिसला. मूळ धोकाच इतका लहान की तिप्पट होऊनही तो लहानच राहतो, म्हणून गरज असलेला सीटी कुणी टाळू नये. पण लक्षण नाही, कारण नाही, केवळ धसका घेतला म्हणून स्कॅन, हे ल्युकेमिया टाळण्यासाठी ल्युकेमियाचे कारण विकत घेण्यासारखे आहे.

घरी मात्र याच भीतीने उलटे वळण घेतले होते. किरणांच्या धास्तीने सासूबाईंनी सुनेची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नको म्हणून सांगितले होते. सोनोग्राफीत किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. ती करायलाच हवी. गरोदरपणात पोटाचा एक्स-रे टाळतात, तो वेगळा विषय: १९५० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवले की गरोदरपणी असे एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत ल्युकेमिया जास्त होता. तेव्हा त्यांच्यावर फार कुणी विश्वास ठेवला नाही, आज तो नियम आहे.

बायको घरी बसून पर्सच्या अस्तरांना पेस्टिंग करत होती, पीसमागे थोडे पैसे मिळत. मुलगी त्याच दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करायची. आई-वडिलांचा द्रावकांशी संपर्क आणि मुलांचा ल्युकेमिया यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण मोठ्यांच्या एएमएलइतका पक्का नाही. तरी गरोदर बाईच्या खोलीत सोल्यूशन नको, यासाठी आणखी पुराव्याची वाट पाहायची गरज मला वाटत नाही. काम पाण्याच्या डिंकावर आणले, डबा घराबाहेर गेला. बाळ झाल्यावर किमान सहा महिने अंगावर पाजावे असे तिला सांगितले. इतर फायदे सर्वांना माहीत आहेत. २०१५ मधल्या एकत्रित विश्लेषणात सहा महिने किंवा जास्त स्तनपान मिळालेल्या मुलांत ल्युकेमिया सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळला होता. मुलांचा तीव्र ल्युकेमिया बहुतांशी लिम्फोब्लास्टिक, म्हणजे एएमएलहून वेगळ्या प्रकारचा, त्याचा भर दोन ते पाच या वयात. सात वर्षांची मुलगी त्या टप्प्याच्या पलीकडे आलेली आहे, हे ऐकून बायको पहिल्यांदा मोकळेपणी बोलली.

गुळवेल, कोंबडी, मोबाइल यांवर फार वेळ गेला नाही. या तिन्हींचा तीव्र ल्युकेमियाशी सिद्ध संबंध नाही, ना टाळण्याच्या बाजूने ना होण्याच्या. काढा मात्र बंद करायला सांगितला, कारण गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी खुद्द मुंबईतून प्रसिद्ध झाल्या आहेत. घरच्यांना हे पटायला वेळ लागला. कोंबडी परत सुरू व्हायला लागला नाही.

'टेस्ट'चे काय झाले

ज्याला लक्षणे नाहीत त्याच्यात ल्युकेमिया आधीच पकडणारी कुठलीही चाचणी सर्वसामान्यांसाठी सुचवलेली नाही. तीव्र ल्युकेमिया आठवड्यांत उभा राहतो. जानेवारीचा अहवाल नॉर्मल असून मार्चमध्ये आजार असू शकतो. थोरल्याचे तसेच झाले: वर्षभरापूर्वीच्या मेडिक्लेमच्या तपासणीत सगळे नॉर्मल.

पण सोल्यूशनमध्ये काम करणाऱ्याची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करण्यामागे वेगळा हेतू असतो. बेंझीन मॅरोला दाबते ते पेशींच्या आकड्यांत आधी दिसू शकते. ही ल्युकेमियाची चाचणी नाही, माळ्यावरच्या हवेची आहे. धाकट्याची पहिली सीबीसी: हिमोग्लोबिन १३.१, पांढऱ्या पेशी ३,६००, प्लेटलेट्स १ लाख ४८ हजार. किंचित खाली. घाबरावे असे नाही, सोडून द्यावे असेही नाही. बी-१२ तपासले, कमी होते, गोळ्या दिल्या. स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत) संशयास्पद पेशी नव्हत्या. पंखा खाली आल्यानंतर ऑगस्टमध्ये पांढऱ्या पेशी ४,९००, प्लेटलेट्स १ लाख ९० हजार. हा फरक हवेमुळे, बी-१२ मुळे की सिगरेट कमी झाल्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही. आकडे खाली गेले असते तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. माळ्यावरच्या इतर कारागिरांचीही सीबीसी झाली. एकाच्या पांढऱ्या पेशी ३,००० च्या खाली, तो सध्या शिलाईला खाली बसतो आणि त्याचा तपास सुरू आहे.

भावाला आहे म्हणून भावाला, याबाबत: मोठ्या वयातला एएमएल बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. एकाच रक्ताच्या नात्यात दोघा-तिघांना रक्ताचे आजार, वर्षानुवर्षे विनाकारण कमी प्लेटलेट्स, किंवा अगदी कमी वय असेल तर जनुकांची तपासणी करावी. इथे यातले काही नव्हते. दात्याच्या तपासणीच्या वेळी तज्ज्ञांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तोच निष्कर्ष काढला. एचएलए जुळले.

लक्षणे मात्र त्याला लिहून दिली: आठवड्याहून जास्त ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण निळे-लाल डाग, जिना चढताना नव्याने लागणारी धाप. यातले काही झाले तर लॅबच्या पॅकेजकडे न जाता सरळ सीबीसी आणि स्मिअर.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण तिथे घडलेही थोडेच. २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बेंझीनची विषबाधा आणि तिचे परिणाम नोंदवायच्या आजारांत होते, १९२३ च्या भरपाई कायद्यातही बेंझीनचे आजार व्यावसायिक मानले होते. पण कारखाना कायद्याच्या कक्षेत यायला कामगारांची किमान संख्या लागते. या माळ्यावर आणि खाली मिळून आठच, म्हणजे त्याहून कमी. थोरल्याकडे ना ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड, ना मस्टरवर नाव, पीसच्या वहीत फक्त टोपणनाव. औद्योगिक आरोग्यावर काम करणारी केंद्रीय श्रम संस्था सायनला आहे, धारावीपासून फार लांब नाही. तिच्या अभ्यासक्रमात बेंझीन असते आणि या गल्लीत बेंझीनचा डबा असतो, एवढाच दोघांचा परिचय.

थोरला पहिल्या केमोनंतर रेमिशनमध्ये आहे, म्हणजे आजार सध्या आटोक्यात आहे, आणि प्रत्यारोपणाची तारीख लागायची आहे. त्याच्या फाइलमध्ये व्यवसायाची दुरुस्त नोंद करण्यासाठी मी पत्र दिले: 'चर्मवस्तू पेस्टिंग, २६ वर्षे, द्रावकांशी दैनंदिन संपर्क'. भरपाईच्या अर्जासाठी पीसच्या जुन्या वह्या शेठकडे मागितल्या आहेत. त्यांनी नाही म्हटलेले नाही, अजून दिलेल्याही नाहीत. धाकट्याची पुढची सीबीसी दानानंतर तीन महिन्यांनी, आणि तो परत पेस्टिंगला बसेल तो पंखा चालू असेल तरच, असे त्याने शेठसमोर सांगितले आहे.